बुल जातीची कुत्री : लोकांचं मत खरंच बदलतंय का?

पायवाट (धागाकर्ता)

या विषयावर इतरांच्या धाग्यांत बरंच अवांतर करून झालंय. आता वेगळा धागा काढतो, म्हणजे कोणाच्या डोक्याला ताप नको.

बुल जाती म्हणजे पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर, त्याचा बुटका इंग्लिश चुलतभाऊ स्टॅफर्डशायर बुल टेरिअर, लांबुळक्या तोंडाचा बुल टेरिअर आणि अलीकडचा अमेरिकन बुली. माझ्या घरी स्टॅफी (म्हणजे स्टॅफर्डशायर बुल टेरिअर) आहे, तेव्हा मी तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो.

मला कुत्र्यांपेक्षा कुतूहल वाटतं ते लोकांचं. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ शेकडो वर्षं उघडपणे चालला. १८३५च्या कायद्यानं तो बंद झाला. कुत्र्यांच्या झुंजींवरही त्याच कायद्यानं बंदी आली, पण बैल लपवता येत नाही, दोन कुत्री तळघरात लपवता येतात. म्हणून बुलडॉगची पकड आणि टेरिअरची चपळाई यांचा संकर वाढला. पुढे १८६०च्या आसपास बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सनं त्यातूनच पांढराशुभ्र बुल टेरिअर काढला आणि तो एकदम सभ्य गृहस्थांबरोबर फिरायला लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या १०२व्या इन्फंट्रीबरोबर स्टबी नावाचा असाच एक बुल छापाचा कुत्रा फ्रान्समधल्या खंदकांत होता. तो पेंढा भरून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलाय.

मग जुलै १९८७. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर दात विचकलेला पिटबुल, सोबत सावधानतेचा इशारा. डिसेंबर २००८ मध्ये त्याच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पुन्हा पिटबुल आला, पण या वेळी बिचारा म्हणून. मधल्या काळात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मायकेल विकचं कुत्र्यांच्या झुंजींचं प्रकरण उघडकीला आलं होतं. झुंजीतली कुत्री खटला संपला की मारूनच टाकायची, असा तोवरचा रिवाज. तिथे मात्र पन्नासच्या आसपास कुत्र्यांची एकेक करून तपासणी झाली आणि बहुतेक वाचली.

आता परत बंदीची लाट आहे, आणि त्याच वेळी बाळाच्या पाळण्याशेजारी झोपलेल्या पिटबुलच्या फोटोंना बदामांचा पाऊसही पडतो. तुमचा अनुभव काय? मत बदललं असेल तर कशामुळे?

तिरसट

खुर्ची टाकून बसलोय. "कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो" हे कोण आधी लिहितंय बघू.

निशाचर

पायवाट, रोचक धागा. एक भर. प्रत्येक पिढीला आपापला राक्षस लागतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ती जागा ब्लडहाउंडची होती. मग जर्मन शेफर्ड, मग डॉबरमन, मग रॉटवायलर. ऑस्ट्रेलियानं १९२९ साली जर्मन शेफर्ड आयात करायला बंदी घातली. डिंगोशी, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याशी, संकर होऊन मेंढ्यांचे कळप फस्त करणारी अवलाद तयार होईल, ही भीती. ती बंदी चार दशकांहून जास्त टिकली. आज त्याच कुत्र्याला पोलिसाच्या शेजारी बघून लोकांना उलट सुरक्षित वाटतं. शेफर्डचे दात तेव्हा होते तेवढेच आताही आहेत.

रानवारा

तिरसट, घ्या, मीच लिहितो. फक्त ते वाक्य अर्धंच खरं आहे.

माझं काम कुत्र्यांच्या वागणुकीचं आहे, जास्त करून 'हाताबाहेर गेलेली' म्हणून आणलेली. मालकांचे दोन पंथ असतात. एक म्हणतो रक्तातच आहे, दुसरा म्हणतो सगळं संगोपनावर. मला दुसऱ्या पंथाची जास्त धास्ती वाटते. कारण हा माणूस आठ महिन्यांच्या पिटबुलला प्रेमानं वाढवतो, घरात सगळ्यांच्या अंगाखांद्यावर लोळू देतो, आणि कुत्रा दीड-दोन वर्षांचा झाल्यावर बागेत दुसऱ्या कुत्र्यावर झेपावतो तेव्हा तो अक्षरशः हादरतो. "पण आम्ही कधी हातसुद्धा उगारला नाही हो!" उगारला नसेलच. पण टेरिअर पकडतो तेव्हा सोडत नाही आणि झटके देतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. वयात आल्यावर दुसऱ्या कुत्र्यांबद्दलची सहनशक्ती कमी होणं या जातींत पुष्कळ दिसतं. सगळ्यांत दिसतं असं नाही, पण आपल्यात दिसणारच नाही असं धरून चालू नका.

आता पहिल्या पंथाबद्दल. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा जनुकीय तपास. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता आला. म्हणजे जात कळली म्हणून समोरचा कुत्रा कळला असं होत नाही.

चिकित्सक

पशुवैद्य म्हणून दोन गोष्टी.

या कुत्र्यांचा जबडा 'लॉक' होतो ही निव्वळ थाप. तोंड उघडून तपासणं हे माझं रोजचं काम आहे. सांधा इतर कुत्र्यांसारखाच, कुठेही कडी-कोयंडा नाही. सुटत नाही ते जिद्दीमुळे आणि गालाच्या स्नायूंमुळे.

दुसरं, पिटबुल म्हणून जे दाखवतात ते पिटबुल असतंच असं नाही. फ्लोरिडात चार शेल्टरमध्ये केलेल्या एका पाहणीत १२० कुत्री घेतली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी, म्हणजे रोज कुत्री हाताळणाऱ्यांनी, नुसतं बघून ६२ कुत्र्यांना पिटबुल छाप ठरवलं. डीएनएत निघाली २५. चौकोनी डोकं, आखूड केस, छातीवर पांढरा डाग दिसला की झाला पिटबुल. बातमीत जात छापून येते तेव्हा मी हे डोक्यात ठेवतो.

अबोली

चिकित्सक, रानवारा, तुमचं सगळं वाचलं. पटतंय. पण त्या ९ टक्क्यांचा मी काय उपयोग करू ते सांगा.

आमच्या छोट्या कुत्रीला एका बुलीनं पाठीवर धरलं होतं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. तो चालता चालता थांबला, तोंड मिटलं, शेपूट ताठ झाली, एवढंच. पुढच्या क्षणी ती त्याच्या तोंडात. मी पट्टा ओढत होते, त्याची मालकीण त्याच्या डोक्यावर पर्स मारत होती, आणि तो डोळे अर्धवट मिटून शांतपणे धरून उभा. आवाज फक्त आमचेच. कुत्री वाचली, टाके पडले. मालकीण रडत रडत एकच वाक्य म्हणत होती, "हा असं कधीच करत नाही."

मला त्या कुत्र्याचा राग नाही. पण लॅब्राडोर चावला तर जखम होते आणि हा चावला तर जीव जातो, यात फरक आहे की नाही? चावण्याची शक्यता सारखी धरली तरी परिणाम सारखा नाही. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत चाव्यानं झालेल्या २३८ मृत्यूंचा हिशेब तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी मांडला, त्यात निम्म्याहून जास्त पिटबुल छाप आणि रॉटवायलर होते. जात ओळखण्यात चुका झाल्या असतील. पण सगळे पूडल असताना पिटबुल लिहिलं असं तर नाही ना?

तिरसट

अबोलीताईंना +१. इतक्या वेळात पहिला प्रतिसाद ज्यात कुत्र्याला तोंड आहे.

चिकित्सक

अबोलीताई, प्रश्न रास्त आहे. कुत्री कशी आहे आता?

त्याच संशोधकांनी हे आकडे जातवार बंदीसाठी वापरू नका, असंही लिहून ठेवलंय, कारण एकूण कुत्र्यांत त्या जातीची किती हे कोणालाच ठाऊक नसतं. २०१३ मधला पुढचा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. २००० ते २००९ मधले २५६ मृत्यू, पोलिसांच्या नोंदींपर्यंत जाऊन तपासलेले. ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८४ टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्क्यांत कुत्रा माणसांपासून तोडून नुसता आवारात ठेवलेला होता. जात खात्रीनं सांगता येईल अशा घटना जेमतेम १८ टक्के.

"परिणाम सारखा नाही" हा तुमचा मुद्दा मात्र यातल्या एकाही आकड्यानं खोडला जात नाही. ताकदीचा कुत्रा चुकला तर भारी पडतो. हे मी टेबलावर पाहतो.

अबोली

बरी आहे, विचारल्याबद्दल आभार. रस्त्यात मोठं डोकं दिसलं की अजून माझ्या पायांमागे जाते.

पायवाट

अबोली, वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलेलं "तोंड मिटलं, शेपूट ताठ" हे या कुत्र्यांच्या प्रत्येक मालकानं पाठ करावं. गुरगुरण्याची वाट बघत बसलात तर उशीर होतो. त्याच्या आधी शरीर गोठतं, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसतो, जीभ एकदा ओठावरून फिरते. आमचीला मी तिथेच वळवतो. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी रागावू नये. गुरगुरणं मोडून काढलेला कुत्रा थेट चावतो.

सोनसाखळी

मी शेल्टरमध्ये मदत करते. लोकांचं मत बदललंय का, तर हो, पण आमच्या बाजूनंही पुष्कळ खोटं बोललं गेलंय. 'नॅनी डॉग' ही त्यातलीच कहाणी. म्हणे पूर्वी या कुत्र्यांना मुलं सांभाळायला ठेवत. जुन्या काळातला एकही धड पुरावा नाही. पण फोटोखाली ओळ गोड दिसते ना! त्या ओळीवर विसंबून कोणी दोन वर्षांच्या मुलाला कुत्र्याजवळ एकटं सोडलं तर जबाबदार कोण?

सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ मध्ये एका प्राणिसंस्थेनं पिटबुलचं नाव बदलून 'सेंट फ्रान्सिस टेरिअर' ठेवून पाहिलं. नावाला लोक घाबरतात ना, मग नावच नको. थोड्याच दिवसांत त्यातल्या काहींनी मांजरं मारली आणि मोहीम गुंडाळावी लागली. मला तर हे बंदीपेक्षाही वाईट वाटतं. घेणाऱ्याला आपण काय घरी नेतोय हेच सांगायचं नाही!

आम्ही आता स्पष्ट लिहितो. हिला दुसरी कुत्री चालत नाहीत. याला मांजरं दाखवू नका. ही माणसांवर जीव टाकते पण अंगावर उडी मारून पाडेल. स्थळं कमी येतात, पण आलेली टिकतात.

रानवारा

सोनसाखळी, दंडवत. हे सगळीकडे व्हायला हवं.

आणि एक आख्यायिका आपल्याच गोटातली. झुंजीच्या वेळी माणसं रिंगणात उतरून हातानं कुत्री सोडवत, म्हणून माणसाला चावणारा कुत्रा ठेवतच नसत, सबब ही जात माणसाला चावत नाही. समजा, ते तसंच होतं. पण आजचे ब्रीडर कशावरून निवड करतात? डोक्याचा घेर, रंग आणि व्हिडिओत किती भारी दिसतो यावरून. स्वभाव बघून जोडी लावणारा ब्रीडर मला क्वचितच भेटलाय. आजोबांच्या चारित्र्याचा दाखला नातवाला कसा चालेल?

निशाचर

बुलीचं तेच झालं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत पिटबुल आणि स्टॅफर्डशायरमधून सुरू झालेली जात. त्यातलं एक्सएल रूप म्हणजे राक्षसी डोकं, कातरलेले कान, रुंद छाती. ब्रिटनमध्ये टाळेबंदीच्या सुमारास याचं पेव फुटलं. तिथल्या केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत ही जात नाहीच, म्हणजे नोंदींचा धाक नाही. लागोपाठ मृत्यू झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान सुनक यांनी बंदी जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये पैदास, विक्री, कोणाला देणं, सोडून देणं सगळं बेकायदा. १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट मिळाल्याच्या दाखल्याशिवाय बाळगणंही गुन्हा. दाखला हवा तर नसबंदी, मायक्रोचिप, विमा, बाहेर पट्टा आणि मझल (तोंडाला बांधायची मुसकी).

व्याख्या कशी केली ते बघा. नर खांद्यापाशी निदान ५१ सेंटिमीटर, मादी निदान ४८, शिवाय डोकं-छाती-जबड्याची वर्णनं. म्हणजे मालकानं टेप घेऊन बसायचं. पन्नास हजारांहून जास्त कुत्र्यांसाठी दाखले घेतले गेले. १९९१च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यानं पिटबुलसह चार जाती आधीच बंद होत्या, पण एकाला दाबलं की दुसरा वर येतो. ज्याला दरारा हवाय तो दरारा शोधणारच, उद्या केन कोर्सो घेईल.

तिरसट

मग काय करायचं? मोकाट सोडायची? बंदीनं निदान पैदास तर थांबते. जिवंत कुत्र्यांना मारा म्हणत नाही मी. आहेत ती सुखानं म्हातारी होऊ देत. नवी कशाला? जगात दुसरी जातच उरली नाही का? हा प्रश्न मी प्रत्येक धाग्यावर विचारतो आणि प्रत्येक वेळी मला कुत्र्याचा झोपलेला फोटो मिळतो.

पायवाट

तिरसट, फोटो देत नाही. 😀

तुमचा प्रश्न सोपा नाही. बंदी घातलेल्यांचं काय झालं ते पाहिलं तर चित्र एकसारखं नाही. नेदरलँड्सनं १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली, २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झालेच नाहीत. इटलीनं २००९ मध्ये जातींची यादी काढून टाकून मालकावर जबाबदारी टाकली. उलट कॅनडातल्या ऑन्टारिओत २००५ची बंदी अजून आहे.

लोकांना थेट विचारलं तरी उत्तर एक येत नाही. मायामी आणि डेन्व्हर, दोन्हीकडे बंदी १९८९ची. मायामीत २०१२ मध्ये मतदान झालं, ६३ टक्क्यांच्या आसपास लोक बंदी राहू द्या म्हणाले. डेन्व्हरमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी ती उठवून परवाना पद्धत आणली. मायामीची बंदी शेवटी २०२३ मध्ये राज्याच्या कायद्यानं गेली, लोकांचं मत बदललं की नाही हे न विचारताच.

मला स्वतःला जर्मनीतल्या लोअर सॅक्सनीचा मार्ग पटतो. तिथे जातींची यादी नाही, पण २०१३ पासून नव्यानं कुत्रा पाळायला लागणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. लेखी आधी, मग कुत्रा घेऊन प्रत्यक्ष. कुत्रा कोणताही असो. स्पेनमध्ये ताकदीच्या जातींसाठी वेगळा परवाना आहे, त्यात मालकाची मानसिक तपासणीसुद्धा येते. आमच्यासारख्यांना हे जाचक वाटायला नको. ज्याला हे दिव्य करायचा कंटाळा येतो त्यानं पिटबुल न घेतलेलाच बरा. जातीवर बंदी नको म्हणणाऱ्यांनीच मालकावरची बंधनं आधी मागायला हवीत, आणि नेमके आपण तिथेच गप्प बसतो.

तिरसट

मालकाची मानसिक तपासणी. हे आवडलं. माझ्या ओळखीतले निम्मे कुत्रावाले नापास.

अबोली

पायवाट, हे पहिल्यांदा कोणा बुलवाल्याकडून ऐकतेय. परीक्षा असेल तर माझाही विरोध कमी होईल. पूर्ण जाणार नाही, खोटं कशाला बोलू.

नवखी

वाचनमात्र होते, आज लिहितेय. शेल्टरमधून दीड वर्षाची मादी घ्यायचं जवळपास ठरलंय. कागदावर 'पिटबुल मिक्स' लिहिलंय, चिकित्सक म्हणतात तशी कशाची असेल देव जाणे. घरात लहान मूल नाही, दुसरा प्राणी नाही. धागा वाचून आता धाकधूक व्हायला लागलीय. घेऊ की नको?

सोनसाखळी

नवखी, आधी तिला चार-पाच वेळा वेगवेगळ्या वेळी भेट. शेल्टरमध्ये पहिल्या दिवशी कुत्रं खरं दिसत नाही, दबलेलं असतं. तिला बाहेर चालवून बघ, लांबून दुसरं कुत्रं दिसलं की काय करते ते बघ. नसबंदी झाल्याचा कागद माग. तुमच्यात कुत्र्याला घट्ट धरू शकेल असं किती जण आहेत? ती जोरात धावली तर तुझ्या हातून पट्टा सुटेल का? हे घरी नेण्याआधीच बघायचं.

रानवारा

डॉग पार्कमध्ये मोकळी सोडू नकोस, कितीही गोड वागली तरी. लांब दोरीवर मोकळ्या मैदानात पळव. ओढाओढीचा खेळ खेळ, 'सोड' म्हटल्यावर सोडायला शिकव. या जातींना तो खेळ प्राणप्रिय असतो, त्यामुळे 'सोड' सुद्धा पटकन शिकतात. आणि ब्रेक स्टिक, म्हणजे धरलेली पकड सोडवायची पाचर, कशी असते, ती मागच्या दाढांच्या फटीत कशी घालतात हे एखाद्या जाणकाराकडून प्रत्यक्ष बघून घे. बहुधा कधी लागणार नाही. अबोलीताईंच्या प्रसंगात त्या बाईंकडे पर्सऐवजी ती असती तर!

नवखी

खूप आभार सगळ्यांचे. शनिवारी परत भेटायला जातेय. मझल घ्यावा का? घातला की लोक आणखी घाबरतील असं आई म्हणते.

पायवाट

घाबरू देत. आमचीला आहे. लोक जरा लांबून जातात, आणि तेच आपल्याला हवं असतं.

कापडी तोंड आवळणारा घेऊ नकोस, त्यात कुत्र्याला धापता येत नाही. जाळीचा घे. नाकाच्या टोकापासून दोन डोळ्यांच्या मधोमध किती लांबी ते मोज, डोळ्यांच्या थोडं खाली तोंडाचा घेर मोज, आणि तोंड उघडून धापत असताना वरखाली किती जागा लागते तेही मोज. बुल जातींचं तोंड आखूड आणि रुंद, त्यामुळे तयार मापं बहुतेक वेळा लांबीला जास्त आणि रुंदीला कमी पडतात. बॉक्सर-बुलडॉगसाठीची मापं विचार. आणल्या आणल्या बांधू नकोस. आधी काही दिवस नुसता हातात धरून आत खाऊ ठेव, तिनं आपणहून नाक घालू दे. बकल लावायची घाई नको.